रंगाच्या खाली काय आहे?



दसरा आला की घरोघरी वाहने धुतली जातात, त्यांना झेंडूचे हार घातले जातात. छत्रपती संभाजीनगरात (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत) या दिवशी रस्त्यावर पाहावे तिकडे हार घातलेल्या गाड्याच दिसतात. आणि ते साहजिकच आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा. त्यांना लागणारे सुटे भाग बनवणारे लहानमोठे उद्योग तर गावाच्या चारी बाजूंना आहेत. इथल्या कितीतरी घरांची चूल वाहनांवर पेटते.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत एक काका राहतात. त्यांची मोटार जुनी, पण जिवापाड जपलेली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना वाटले, गाडी चकाकते आहे, पण चाकांच्या लोखंडी रिमा मात्र कळकट दिसतात. त्यांनी बाजारातून चंदेरी रंगाचा फवारणीचा डबा आणला. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने रिमा पुसून लख्ख केल्या आणि अंगणातल्या दिव्याच्या उजेडात एका बैठकीत चारही चाके रंगवून टाकली. सकाळी पूजेच्या वेळी चाके अगदी नवी कोरी दिसत होती!

पण लक्ष्मीपूजनापर्यंत, म्हणजे अवघ्या वीस दिवसांत, त्याच रिमांवरून रंगाचे पोपडे निघू लागले. काही ठिकाणी तर नखाने ओढताच रुपयाएवढा पापुद्रा हातात यायचा. काका वैतागून मला म्हणाले, "सर, डबा खराब निघाला बघा."

मी तो पापुद्रा हातात घेऊन उलटा केला. त्याची वरची बाजू चंदेरी होती, गुळगुळीत होती, तिच्यात काही दोष नव्हता. खालच्या बाजूला मात्र तपकिरी भुकटी चिकटलेली होती आणि बोटाला किंचित तेलकट लागत होते. मी म्हणालो, "काका, रंग चांगलाच आहे. तो ज्याच्यावर लावला, ते चांगले नव्हते."

असे का झाले असेल बरे? चला, शोधून काढू या.

रंग म्हणजे केवळ रंग नव्हे

डब्यातल्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली रंगद्रव्य. ही अतिशय बारीक पूड असते. चंदेरी रंगात ती अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या कणांची असते. दुसरी बंधक. हा चिकट, राळेसारखा पदार्थ पुडीचे कण एकमेकांना आणि खालच्या पृष्ठभागाला धरून ठेवतो. तिसरी द्रावक, ज्याला आपण बोलताना थिनर म्हणतो. द्रावक बंधकाला पातळ ठेवतो आणि काम झाले की उडून जातो. मागे उरतो तो रंगद्रव्य आणि बंधक यांचा पातळ थर. मोटारीवरच्या रंगाचे सगळे थर एकत्र धरले तरी त्यांची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे तुमच्या वहीच्या एका पानाएवढी भरते.

एवढ्याशा थराला ऊन, पाऊस, चिखल आणि उडणारी खडी यांच्याशी झुंजायचे असते. त्याचे सारे बळ त्याच्या पकडीत असते. बंधकाचे रेणू धातूच्या अगदी जवळ पोहोचले तरच ते धातूला धरू शकतात. मधे तेलाचा थर आला, धूळ आली किंवा सुटा गंज आला, तर बंधक धातूला न धरता त्या तेलाला, धुळीला किंवा गंजाला धरतो. वाळूवर चिकटपट्टी लावून ओढा. पट्टी वाळूला घट्ट चिकटलेली असते, तरी ती सहज वर येते, कारण वाळूच सुटी असते. काकांच्या रंगाचे नेमके हेच झाले.

पाण्याची परीक्षा

पृष्ठभाग खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. डिझेलने पुसलेली रिम तर धुतलेल्या रिमेपेक्षा जास्त चकाकते! मग ओळखायचे कसे? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे, आणि ती तुम्हीही घरी करू शकता.

स्टीलची दोन ताटल्या घ्या. एक साबणाने घासून भरपूर पाण्याने धुवा. दुसरीवर खोबरेल तेलाचे बोट फिरवून ती कोरड्या फडक्याने चांगली पुसून टाका. आता दोन्हींवर पाणी ओता आणि ताटल्या तिरप्या धरा. स्वच्छ ताटलीवर पाण्याचा सलग पडदा राहील. तेलकट ताटलीवर मात्र पाणी तुटेल आणि त्याचे थेंब होतील, अळूच्या पानावर होतात तसे.

याचे कारण असे. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, म्हणून पाणी थेंबाचा आकार घेऊ पाहते. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. स्वच्छ धातूची ओढ त्याहून अधिक पडते, म्हणून पाणी पसरते. तेलाची ओढ फारच कमी, म्हणून तिथे पाणी स्वतःतच गोळा होते. जिथे पाणी नीट पसरत नाही, तिथे रंगही नीट धरणार नाही असे समजावे. काकांच्या एका रिमेचा न रंगवलेला मागचा भाग आम्ही याच रीतीने तपासला. पाण्याचे शेकडो थेंब झाले. डिझेल उडून गेले होते, पण त्यातला जड तेलकट अंश मागे राहिला होता.

गंज वरून झाकत नाही

आता दुसरा शत्रू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. गंजाचा एक खोडसाळ गुण ध्यानात ठेवा. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याचा गंज व्यापतो. म्हणून रंगाखाली गंज वाढू लागला की तो रंगाला खालून उचलतो. आधी फोड येतो, मग तो फुटतो, फटीतून आणखी पाणी आत जाते आणि गंज आणखी पसरतो. गंजावर रंग देणे म्हणजे उंदीर आत ठेवून कणगीचे तोंड लिंपण्यासारखे आहे.

तेव्हा गंज झाकायचा नसतो, काढायचा असतो. तारेच्या ब्रशाने सुटा गंज खरवडायचा आणि मग पॉलिश पेपरने घासून उजळ धातू उघडा करायचा. घासण्याने दुसराही एक लाभ होतो. गुळगुळीत पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे पडतात. त्यामुळे रंगाला धरायला जास्त जागा मिळते आणि तो त्या ओरखड्यांत रुततो.

उघड्या लोखंडावर लगेच अस्तराचा रंग, म्हणजे प्रायमर, द्यावा लागतो. त्यातला बंधक धातूला चांगला धरणारा असतो, आणि लोखंडासाठी केलेल्या प्रायमरमध्ये गंज रोखणारी द्रव्येही घातलेली असतात. वरचा चंदेरी रंग मग अस्तराला धरतो. कारखान्यातही हाच क्रम असतो. धातूचा भाग धुतात, त्यावर फॉस्फेटचा अतिशय पातळ थर चढवतात, मग विजेच्या साहाय्याने किंवा फवारून अस्तर बसवतात आणि भट्टीत भाजतात. शोभेचा रंग सर्वांत शेवटी येतो.

अजिंठ्याला काय केले होते?

पृष्ठभाग आधी, रंग नंतर हा नियम आपल्याच जिल्ह्यात दीड हजार वर्षांपूर्वी पाळला गेला होता. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथली बरीचशी प्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातली आहेत. ती थेट दगडावर काढलेली नाहीत. लेणे कोरताना छिन्नीच्या घावांनी काळ्या दगडाची भिंत खडबडीत झालेली होती. तिच्यावर मातीचा गिलावा दिला. त्या मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले होते, म्हणजे गिलावा वाळताना तडकत नाही. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. हे सारे वाळल्यावर काव, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, निळा लाजवर्द अशी रंगद्रव्ये डिंकासारख्या किंवा सरसासारख्या बंधकात कालवून चित्रे रंगवली.

पाहा, आपल्या रिमेचेच सगळे टप्पे इथे आहेत: खडबडीत पृष्ठभाग, अस्तर, आणि मग बंधकात कालवलेले रंगद्रव्य! आज जिथे चित्रे नष्ट झालेली दिसतात, तिथे पुष्कळ ठिकाणी खालचा गिलावाच दगडापासून सुटला आहे. शिवाय चित्रे जपण्यासाठी पूर्वी त्यांच्यावर लाखेचे वार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते जपून काढावे लागले. दोष खाली असेल तर वरून लावलेल्या थराने तो दूर होत नाही, हा धडा तिथेही मिळाला.

डब्यातली युक्ती

आता फवारणीच्या डब्याकडे वळू. वायूच्या दाबाने फवारा सोडणाऱ्या डब्याची कल्पना नॉर्वेचे अभियंते एरिक रोथाईम यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडली. अशा डब्यात रंग भरण्याचे काम अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी १९४९ साली केले. गंमत म्हणजे त्यांचा पहिला रंग अ‍ॅल्युमिनियमचाच होता, काकांच्या डब्यासारखा!

डब्यात रंगाबरोबर एक वायू दाबाखाली द्रवरूप करून भरलेला असतो. पूर्वी त्यासाठी क्लोरोफ्लुओरोकार्बन वापरत. त्याने वातावरणातल्या ओझोनचा नाश होऊ शकतो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर त्याचा वापर थांबत गेला. आजच्या डब्यांत बहुधा प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

डब्याचे बटन दाबले की आतल्या दाबामुळे द्रव नळीतून वर चढतो आणि बारीक छिद्रातून बाहेर पडतो. बाहेर येताच दाब एकदम उतरतो, द्रवरूप वायूची वाफ होते आणि रंगाच्या ठिकऱ्या होऊन तुषार बनतात. याच वेळी वायू उष्णता शोषून घेतो, म्हणून डबा हाताला गार लागतो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. डबा हलवल्यावर आत खळखळते ती गोटी. तळाशी बसलेले रंगद्रव्य ढवळून वर आणणे हे तिचे काम.

तुषारांचा फायदा काय? थोडे गणित करू. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे एक विसांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर ते २० × २० × २० म्हणजे ८,००० होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ मूळ थेंबाच्या २० पट होते. एवढ्या मोठ्या पृष्ठफळावरून द्रावक भराभर उडतो. म्हणून फवाऱ्याचा पातळ थर लवकर सुकतो.

एक वीत अंतर

फवारा शंकूसारखा पसरतो. अंतर दुप्पट केले की तोच रंग चौपट क्षेत्रावर पसरतो. डबा फार जवळ धरला तर एकाच जागी रंग साचून ओघळ येतात. फार दूर धरला तर तुषार वाटेतच सुकतात आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. साधारण एक वीत, म्हणजे वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतर योग्य. डबा एका जागी न थांबवता सारखा सरकवत न्यायचा.

थर पातळ द्यायचे आणि तीन-चार द्यायचे. जाड थराची वरची कातडी आधी सुकते आणि आतला द्रावक कोंडून राहतो. काकांनी एकाच बैठकीत सगळा रंग चढवला होता, तेव्हा त्यांचा थर बाहेरून सुकला तरी आतून कित्येक दिवस मऊच होता.

हवेचाही विचार हवा. पावसाळी दमट हवेत द्रावक उडताना रंगाचा पृष्ठभाग गार होतो, त्यावर सूक्ष्म दव धरते आणि रंगावर पांढरट चट्टे पडतात. उलट आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या वर असताना, तुषार हवेतच सुकतात. म्हणून मराठवाड्यात या कामाला उत्तम काळ म्हणजे पाऊस सरल्यानंतरची कोरडी, निवांत सकाळ. रिम सावलीत असावी, उन्हात तापलेली नसावी.

पुन्हा एकदा, पण रीतीने

दिवाळीच्या सुट्टीत काकांनी आणि मी मिळून चाके पुन्हा रंगवली. गल्लीतली मुले पाहायला होती. गाडी उचलण्याचे आणि फवारण्याचे काम मोठ्यांचेच, हे आधीच ठरले होते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढला, बाकीच्या चाकांना दगडांची उटी लावली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. चाक काढले की त्या जागी लगेच स्टेपनी बसवायची आणि जॅक उतरवायचा. त्यामुळे एका वेळी एकच चाक रंगवून होते, आणि गाडी जॅकवर लटकत राहत नाही. जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कशासाठीही, हात किंवा डोके घालायचे नाही.

रिम साबणाच्या पाण्याने धुतली आणि पाण्याची परीक्षा घेतली. पहिल्या खेपेस थेंब झाले, तेव्हा पुन्हा धुतली. मग सैल पोपडे आणि गंज काढून पॉलिश पेपरने घासले, तेही पाणी लावून. जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासले तर त्याची धूळ श्वासात जाते. पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून, रिम आणि टायर यांच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या जोडातली पाने एकमेकांवर किंचित चढवून गोल बसवली. टायर झाकायला याहून सोपी युक्ती नाही! हवा भरायच्या वॉल्व्हला चिकटपट्टी गुंडाळली.

इतक्यात गॅरेजमधले एक अनुभवी मिस्त्री तिथून जात होते. ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, मागच्या वेळी नटाच्या खोबणीतही रंग मारलाय तुम्ही. चाक निसटलं असतं." त्यांनी स्टेपनी न बसवलेल्या एका चाकाचा नट पान्याने तपासून दाखवला. तो खरोखरच थोडा सैल झाला होता!

आम्ही दोघेही गप्प झालो. याचे विज्ञान असे आहे. नट आवळला की तो रिमेला घट्ट दाबून धरतो, आणि त्या दाबामुळेच चाक जागेवर राहते. नटाच्या खोबणीत किंवा रिम गाडीला टेकते त्या सपाट भागावर रंगाचा जाड थर असेल, तर चाक फिरताना तो थर चेपतो, झिजतो. तेवढी जागा मोकळी होते आणि नटाची पकड ढिली पडते. वहीच्या पानाएवढी जाडी, पण तिच्यामुळे केवढा अनर्थ झाला असता! म्हणून या दोन्ही जागा घासून स्वच्छ केल्या आणि रंगवताना झाकल्या. चाक परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, आणि पन्नासएक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासले. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट बजावली: रिमेला तडा किंवा मोठा पोचा असेल, तर ती रंगवून लपवू नका, बदला.

मग अस्तराचे दोन हात, चंदेरी रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक दोहोंमध्ये डब्यावर छापलेल्या वेळेइतकी सवड. शेवटी डबा उलटा करून बटन दाबले. उलट्या डब्यात नळीचे टोक वायूत येते, म्हणून नुसता वायू बाहेर पडतो आणि छिद्र साफ होते.

या चाकांनी आता एक पूर्ण पावसाळा पाहिला आहे. पोपडा एकही नाही.

सावधगिरी

डब्यातला वायू आणि द्रावक दोन्ही ज्वालाग्राही आहेत आणि त्यांच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात. जवळ शेगडी, निरांजन, उदबत्ती, काहीही पेटते नको. काम उघड्यावरच करावे. साधा कापडी मास्क द्रावकाच्या वाफा अडवत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे हवेत. डबा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. पंचवीस अंशांवर असलेला आतला दाब पन्नास अंशांवर सुमारे दुप्पट होतो. रिकामा वाटणारा डबा भोसकू नये, शेकोटीत किंवा होळीत तर मुळीच टाकू नये.

तुम्ही करून पाहा

पत्र्याच्या डब्यांची चार झाकणे आणि ब्रशाने लावायचा इनॅमल रंग घ्या. मोठ्यांना सोबत बसवा.

१. पहिले झाकण तेलाचे बोट फिरवून पुसून घ्या.
२. दुसरे फक्त साबणाने धुऊन वाळवा.
३. तिसरे पॉलिश पेपरने घासून चार दिवस मिठाच्या पाण्याने ओले ठेवा. गंज चढला की तसेच वाळवा.
४. चौथे धुवा, घासा, पुन्हा धुऊन वाळवा आणि त्यावर प्रायमर द्या.

चारही झाकणांना सारख्याच जाडीने रंग द्या आणि आठवडाभर सुकू द्या. मग मोठ्यांकडून रंगावर ब्लेडने उभ्याआडव्या सहा-सहा रेघा ओढून घ्या, म्हणजे पंचवीस चौकोन तयार होतील. त्यांवर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. प्रत्येक झाकणावरचे किती चौकोन निघाले ते मोजा आणि वहीत तक्ता करा. रंग तपासणारे तंत्रज्ञही याच प्रकारची चाचणी वापरतात.

आता उत्तरे शोधा:

१. दुसऱ्या आणि चौथ्या झाकणांत फरक पडला का? तो घासण्यामुळे की प्रायमरमुळे, हे ठरवायला पाचवे झाकण कसे तयार कराल?
२. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला लोखंडासारखा तांबूस गंज का चढत नाही?
३. घराच्या भिंतीवरचा रंग ओल आलेल्या जागीच का सोलतो?

आणि पुढच्या दसऱ्याला कोणी नव्याने रंगवलेली वस्तू दाखवली, तर रंगाचे कौतुक जरूर करा, पण हळूच विचारा, "याच्या खाली काय आहे?"